एका होडीतले सोबती : पहिल्यांदा गरवायला जाताना

पावसाळा सरला, समुद्र निवळला की कोकणातल्या घराघरांत मुलांचा एक हट्ट सुरू होतो, ‘आम्हाला गरवायला न्या!’ मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे आणि आखाती देशांतून सुट्टीवर आलेले भाऊ-मेहुणेही त्यात सामील होतात. पूर्वी ओळखीच्या कोळ्याच्या किंवा दालदी भावाच्या होडीत बसून हे होत असे. आता मालवण, गोवा आणि किनाऱ्यावरच्या इतर ठिकाणी भाड्याच्या बोटी मिळतात. पूर्ण बोट परवडत नसेल तर सहा-आठ जणांत जागा वाटून घेता येते. दुबईसारख्या शहरांतही सुट्टीच्या दिवशी अशी ‘सीट’ घेऊन जाणारे आपले अनेक लोक आहेत.

मात्र अशा बोटीत शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात नसते. चार-पाच तास अनोळखी माणसांबरोबर एका लहानशा जागेत काढायचे असतात. आपली चूक त्यांना भोवते आणि त्यांची आपल्याला.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी समाजाची स्थिती समजावताना बोटीचेच उदाहरण दिले आहे. सहीह बुखारीतील या हदीसचा आशय असा : काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून बोटीतल्या जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडायचे ठरवले. वरच्यांनी त्यांना अडवले तर सगळे वाचतील, नाही अडवले तर सगळेच बुडतील. पवित्र कुरआनमध्ये सूरह निसाच्या 36 व्या आयतीत आई-वडील, नातेवाईक, अनाथ, शेजारी यांच्याबरोबर ‘बाजूच्या सोबत्या’शीही चांगले वागण्याचा हुकूम आहे. प्रवासातला सोबतीही त्यात येतो, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. मासा गळाला लागणे हे नशीब आहे, पण सोबत्याचा हक्क अदा करणे आपल्या हाती आहे. पहिल्या सफरीची तयारी याच दृष्टीने करावी.

आधी चौकशी, मग पैसे

मासेमारीचा परवाना आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात प्रवासी बोटींना महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड परवाना देते. म्हणून बोटवाल्याला सरळ विचारा : प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? किती माणसांचा? तेवढीच लाईफ जॅकेट आहेत का? लहान मुलांच्या मापाची आहेत का? विमा आहे का? आठ जणांच्या बोटीत ‘अजून दोघे बसतील’ असे कोणी म्हटले, तर उतरून घरी जाणे बरे.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक जीव गेले. ‘पोहता येतं’, ‘जवळच जायचंय’, ‘गरम होतं’ ही कारणे अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. धडक बसल्यावर जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही. जेट्टीवरच ते घाला, पट्टे बांधा आणि परत उतरेपर्यंत काढू नका. भरवसा अल्लाहवर ठेवायचा, पण उंट बांधून, ही शिकवण समुद्रावरही लागू आहे.

व्यवहारही आधीच स्पष्ट करा. भाडे माणशी की बोटीचे? तास किती? डिझेल, गळ, आमिष, बर्फ यांचे पैसे वेगळे का? हवामान बिघडले तर पैसे परत मिळतात का? मिळालेली मासळी कोणाची, ज्याची त्याची की समान वाटणी? अनोळखी सोबती असतील तर बोटीवर दारू चालणार का, हेही संकोच न करता विचारा. नाहीतर समुद्राच्या मध्यावर गेल्यावर कुटुंबाची कुचंबणा होते.

दिवस कसा निवडावा

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या काळात कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नये. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत होत जातो. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून सकाळची सफर बरी. हवामान खाते मच्छीमारांसाठी इशारे देते, ते आदल्या रात्री पाहून घ्या.

भरती-ओहोटीसाठी आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर उपयोगी पडते. चाँद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदावी ते सतरावीच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा प्रवाहाला ओढ फार असते, शिसे तळाला टिकत नाही आणि नवख्यांच्या दोऱ्या एकमेकांत गुंततात. सातवी-आठवी आणि बाविसावी-तेविसावीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते. पहिल्या वेळी हे दिवस निवडावेत. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून निघण्याची नेमकी वेळ तांडेलला ठरवू द्या.

शक्यतो शुक्रवार टाळा, जुम्अची घाई होणार नाही. फज्र घरी किंवा बंदराजवळच्या मशिदीत अदा करूनच निघा. जुहर बोटीवर आली तर समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, पिण्याचे पाणी त्यासाठी संपवू नये. हा प्रश्न समुद्रावर जाणाऱ्या माणसानेच नबी (स.) यांना विचारला होता. आपल्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. तोल जाण्याची भीती असेल तर बसून नमाज अदा करता येते. घरापासून लांब आलेल्यांनी कस्रबाबत आपल्या इमामसाहेबांना आधी विचारून घ्यावे.

काय घालावे, काय न्यावे

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, न घसरणारे बूट आणि बदलायला एक जोडी कपडे घ्या. बहिणींनी लाईफ जॅकेट बुरख्याच्या वरून घालावे, आतून नाही. ओढणी किंवा स्कार्फचे टोक मोकळे सोडू नये, ते रीळमध्ये, गळात किंवा इंजिनच्या पट्ट्यात अडकू शकते. घट्ट बांधून पिन लावावी. लहान बोटींवर बहुधा शौचालय नसते, हे आधी विचारून घ्यावे. दोन-तीन घरांनी मिळून पूर्ण बोट घेतली तर महिला आणि मुलांना अधिक मोकळेपणा मिळतो, खर्चही वाटला जातो.

माणशी दोन-तीन लिटर पाणी, तांदळाची भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी, केळी आणि नेहमीची औषधे बरोबर हवीत. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. किनाऱ्यावरच्या एका माणसाला बोटीचे नाव, तांडेलचा नंबर आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मोबाईलमध्ये असू द्या.

मळमळ होऊ नये म्हणून

आदल्या रात्रीची दावत आणि जागरण टाळा. सकाळी अगदी उपाशी निघू नका आणि पोटभर तेलकट खाऊनही नको. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर बोटीत बसण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. गरोदर महिला, मुले आणि आजारी माणसांनी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. बोटीच्या मधल्या भागात बसा, क्षितिजाकडे पाहा, मोबाईलमध्ये डोके घालू नका. उलटी आलीच तर वाऱ्याच्या दिशेने तोंड करू नका आणि खलाशाला सांगा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. सोबत्याला त्रास होत असेल तर त्याची चेष्टा न करता त्याला पाणी आणि मधली जागा द्या.

गळ टाकताना

तांडेल आणि खलाशी यांचे ऐकणे हा पहिला नियम. रत्नागिरीकडे दालदी समाजाने पिढ्यान् पिढ्या हा समुद्र वाचला आहे. ‘आता दोऱ्या ओढा’ म्हटले की ओढायच्या, ‘परत फिरायचं’ म्हटले की वाद घालायचा नाही.

नवख्याने हातदोरीने सुरुवात करावी. शिसे तळाला लागल्याचे हाताला कळते. मग दोरी हात-दीड हात वर घेऊन ताठ ठेवायची. बारीक टोचण आमिष कुरतडल्याची असते, जोराचा ओढा लागला की झटका द्यायचा. तंगूस बोटाला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका, मोठा मासा लागला तर बोट कापले जाते. डोक्यावरून गळ फिरवून फेकू नका, मागे कोणाचे तरी डोळे असतात. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपली दोरी लगेच वर घ्यायची. गुंता झाला तर ओढाताण न करता खलाशाला बोलवा.

गळ मांसात रुतला तर जबरीने उपटू नका. पक्कडीने दोरी तोडा आणि डॉक्टरकडे जाऊन काढून घ्या, धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारा. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो, त्यांना हात न लावता खलाशाकडे द्या. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांना दाखवायला हवेच. फुगणारा केंड मासा घरी नेऊ नका. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

हलाल, हराम आणि पैज

मासा जबह करावा लागत नाही. पण मसलकांतला फरक अशा बोटीवर समोर येतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, तर घाटावरचे पाहुणे बहुधा हनफी. शाफई मसलकात माकूल, कोळंबी असे समुद्री जीव खाल्ले जातात, खेकड्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. हनफी मसलकात समुद्रातला फक्त मासा हलाल आहे, कोळंबीबाबत त्यांच्यातही दोन मते आहेत. यावर बोटीत वाद घालू नये. खोके वेगळे ठेवावे आणि ज्याने त्याने आपल्या उलेमांचे ऐकावे.

अशा बोटींवर एक प्रथा दिसते. प्रत्येकाने शंभर-दोनशे रुपये काढायचे आणि ज्याचा मासा सर्वांत मोठा, त्याने सगळी रक्कम घ्यायची. गंमत म्हणून सुरू होते, पण हा सरळ जुगार आहे. एकाचे जाते म्हणून दुसऱ्याला मिळते. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत त्याची मनाई आहे. ‘आम्ही यात नाही’ एवढे हसून सांगितले की पुरे. मुलांना बक्षीस द्यायचेच असेल तर स्पर्धेत नसलेल्या आजोबांनी स्वतःच्या खिशातून द्यावे.

मासा मारायचा तो खाण्यासाठी. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास नबी (स.) यांनी मनाई केली आहे. केवळ फोटोसाठी मासा तडफडत ठेवणे मुलांना काय शिकवते, याचा विचार व्हावा. लहान पिल्ले ओल्या हाताने धरून लगेच सोडा. महाराष्ट्रात अनेक जातींसाठी किमान आकारही ठरवलेला आहे. समुद्री कासव, डॉल्फिन आणि व्हेल शार्क यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते दोरीत अडकले तर खलाशाकडून सोडवून घ्या. प्लॅस्टिक आणि तुटलेला तंगूस पाण्यात न टाकता परत आणा.

वाटणी आणि परतणे

मासळी पकडल्याबरोबर बर्फात ठेवा, तिच्या वजनाइतका बर्फ हवा. बांगडा, कुप्पा असे मासे उन्हात राहिले तर त्यांत असा घटक तयार होतो की खाल्ल्यावर अंगाला खाज आणि लाली येते, आणि शिजवल्याने तो जात नाही.

वाटणी ठरल्याप्रमाणेच करा. ‘माझ्या गळाला लागली’ म्हणून ठरलेली वाटणी मोडू नये. समान वाटणी ठरली नसेल, तरी रिकाम्या हाताने परतणाऱ्या सोबत्याला, विशेषतः त्याच्या मुलाला, दोन मासे द्यावेत. तांडेल आणि खलाशाची मजुरी जेट्टीवरच चुकती करा. कामगाराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही नबी (स.) यांची शिकवण आपण मुलांना तोंडाने सांगतो, इथे ती त्यांना डोळ्यांनी पाहता येते.

निघताना प्रवासाची दुआ पढा. नूह (अलै.) यांनी नौकेत चढताना सोबत्यांना जे म्हणायला सांगितले, ते सूरह हूदच्या 41 व्या आयतीत आहे. मुलांना तिचा अर्थ समजावून सांगा. मासळी घरी आल्यावर कालवणात थोडे पाणी वाढवून एक वाटी शेजारी पाठवा. अल्लाह आपल्या सर्वांना सुखरूप सफर आणि बरकतीचा रिज्क देवो. आमीन.