आई-वडिलांचा आरोग्य विमा: हप्त्याआधी अटी वाचा

नोकरी लागून दोन-तीन वर्षे झाली की आपल्यातले बरेच तरुण आम्हाला एकच प्रश्न विचारतात: आई-बाबांचा मेडिक्लेम काढायचा आहे, कोणता काढू? घरात पगार घेणारा पहिलाच माणूस, साठी ओलांडलेले आई-वडील, एकाला शुगर, दुसऱ्याचे गुडघे गेलेले. अशा घरात एका ऑपरेशनने धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते, हे आम्ही वस्तीत पाहतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

खासगी विम्याआधी हक्काचे आहे ते घ्या. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. मात्र दोन्ही योजना अंगीकृत रुग्णालयांतच आणि ठरलेल्या उपचारांसाठीच चालतात. घराजवळचे रुग्णालय यादीत आहे का, हे आजारी पडायच्या आधी बघा.

आता खासगी पॉलिसी. अनेक जण आई-बाबांना आपल्याच फॅमिली फ्लोटरमध्ये टाकतात. त्यात हप्ता सहसा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि विमा रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. वडिलांच्या बायपासमध्ये ती संपली, तर त्या वर्षी लेकराच्या डेंग्यूला काय उरणार? काही पॉलिसींत संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते, पण त्यालाही अटी असतात. आमचे मत स्पष्ट आहे: आई-वडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा.

वेगळी घेतानाही दोन वाटा आहेत. ज्येष्ठांसाठीच्या खास पॉलिसीत आजार असलेल्यांनाही तुलनेने सहज घेतात, पण बहुतेकींत को-पे असतो, म्हणजे प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरायचा. २० टक्के को-पे असेल तर ४ लाखांच्या बिलात ८० हजार आपल्या खिशातून. एजंट हप्ता सांगतो, हे सांगत नाही. दुसरी वाट म्हणजे को-पे नसलेली साधी पॉलिसी. ती महाग पडते, वैद्यकीय तपासणी होते, कधी नकारही येतो. तब्येत बरी असेल तर आधी हीच मागून बघा. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांच्या वयोमर्यादेची जुनी चौकट विमा नियामकाने काढली आहे, तेव्हा वय झाले म्हणून पॉलिसीच नाही, हे ऐकून गप्प बसू नका.

सर्वांत जास्त फसगत खोलीभाड्यात होते. ३ लाखांची पॉलिसी आणि दिवसाला एक टक्का भाड्याची अट असेल, तर मर्यादा ३ हजार. तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचेही निम्मेच पैसे मिळू शकतात. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कपात लावता येत नाही, पण बाकीचा आकडाही लहान नसतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी परवडत असेल तर तीच घ्या.

जुना आजार लपवू नका. ‘बीपी लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारा एजंट क्लेम नाकारला जातो तेव्हा फोन उचलत नाही. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षे असू शकतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे यांनाही बहुधा दोनेक वर्षे थांबावे लागते. म्हणून बाबा ५८ चे असताना काढलेली पॉलिसी ६३ व्या वर्षी काढलेल्या पॉलिसीपेक्षा फार उपयोगी पडते.

कंपनीच्या ग्रुप विम्यात आई-बाबा असतील तर उत्तम, पण नोकरी गेली की तो विमाही जातो. राजीनाम्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा करा; प्रतीक्षा काळ मोजून मिळू शकतो.

पगार कमी असेल तर ३-५ लाखांची मूळ पॉलिसी घ्या आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. नुसता टॉप-अप नको. टॉप-अप एकेका बिलाकडे बघतो, सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतो, आणि म्हातारपणी आजार एकदाच येऊन जात नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा कोटेशनमध्ये कराची ओळ दिसली तर विचारा.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत को-पे, खोलीभाडे आणि प्रतीक्षा काळाची पाने वाचा. इंग्रजी अडत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या कुणाला तरी सोबत बसवा.