माळ्यावरची गोफण, चाळीतली रायफल

विंचूरच्या आमच्या मळ्यात बाजरी निसवली की आजा चार बल्ल्या रोवून माळा बांधायचा. दाणा भरायला लागला की चिमण्या, पोपट, साळुंक्या उजाडताच हजर. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. माळ्यावर उभं राहून राखण करायचं काम आम्हा पोरांचं. नेम धरायला मी तिथे शिकले, गोफणीवर.

गोफण म्हणजे अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या आणि मध्ये दगड बसेल एवढी विणलेली पट्टी. एका दोरीच्या टोकाचा फासा बोटात अडकवायचा, दुसऱ्या दोरीचं मोकळं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचं. पट्टीत गुंडा ठेवून गोफण डोक्यावर फिरवायची आणि चिमूट सोडायची. सगळी विद्या ती कधी सोडायची यात आहे. गुंडा गोल फिरत असला तरी सुटल्यावर गोल जात नाही. त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडे सरळ निघतो. उजव्या बाजूने पुढे आणि पुढून डावीकडे अशी गोफण फिरत असेल, तर गुंडा उजव्या खांद्याच्या बाजूला असतानाच चिमूट सुटली पाहिजे. तो समोर दिसेपर्यंत थांबलं की डावीकडच्या बांधावर जाऊन पडतो. माझे कितीतरी गुंडे बांधावर पडले. आजा म्हणायचा, "गुंड्याकडं नको बघू पोरी, थव्याकडं बघ. हाताला त्याचं काम करू दे."

पाखरू मारायचं नाही, उठवायचं, ही त्याची सक्त ताकीद होती. मोकळ्या टोकाला वाखाचा झुपका ठेवला की सुटताना ते चाबकासारखं कडाडतं. पुष्कळदा थवा त्या आवाजानेच उठायचा. आता आमच्याच निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेल्या पाणथळीवर, लोक पाखरं बघायला लांबून येतात. आजाची ताकीद तेव्हा आठवते आणि बरं वाटतं.

बंदूक हातात आली ती एनसीसीत. .22 रायफल, पोटावर झोपून, 25 मीटरवर कागद. उस्ताद 'शिस्त लेना' शिकवायचे: मागच्या खाचेत पुढची माशी मधोमध, आणि माशीच्या टोकावर लक्ष्य. पाचही गोळ्या कागदावर कुठेही लागोत, पण जवळजवळ लागोत, हा त्यांचा आग्रह असायचा. गोळ्यांचा झुबका लहान असेल आणि जागा चुकली असेल तर दोष रायफलच्या जुळणीत, तो स्क्रूने निघतो. गोळ्या विखुरल्या असतील तर दोष नेमबाजात. शिकवणाऱ्याने कागदावर आधी हेच वाचावं.

आज माझी भाची 10 मीटर एअर रायफल शिकते. रविवारी नाशिकला रेंजवर छर्रे मारते आणि बाकीचे दिवस आमच्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत कोरा सराव करते: नळीत काही नाही, दहा मीटरवर भिंतीला कागद, समोर कुणी नाही. रिकामी रायफलसुद्धा भरलेली समजायची, नळी फक्त लक्ष्याकडे आणि नेम बसेपर्यंत बोट चापाबाहेर. यात चूक झाली तर त्या दिवसाचा सराव बंद. इतर चुकांना मी कधीच रागावत नाही.

या खेळात दहाचा गुण म्हणजे कागदावरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा स्वतःच 4.5 मिलिमीटरचा. एवढ्या बारीक कामाला हाताची ताकद पुरत नाही. म्हणून सुरुवात पायांपासून. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावी कूस लक्ष्याकडे करून उभं राहायचं, पाय खांद्याएवढे फाकवायचे, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं. रायफलचं वजन हाडांनी पेलायचं, कारण स्नायू थकला की थरथरतो आणि हाड थरथरत नाही.

मग येते ती माझी सगळ्यात आवडती पायरी. रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नळी लक्ष्याच्या बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही. पाऊल किंचित सरकवायचं आणि पुन्हा डोळे मिटून बघायचं. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत निसटतो. भाचीला हे पटायला महिना लागला. पाय कुठे ठेवले ते आता ती चाळीत खडूने आखून ठेवते.

डोळ्यासमोर तीन वर्तुळं असतात: मागच्या बिनभिंगाच्या छिद्राचं, पुढच्या कड्याचं आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्याचं. ती एकात एक बसवायची, नजर मात्र पुढच्या कड्यावर. काळं थोडं धूसर दिसलं तरी चालतं. श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी शरीर आपोआप थोडं थांबतं, त्या थांब्यात चाप हळूहळू, सरळ मागे. सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची आणि नव्याने सुरुवात. रायफल खाली घ्यायला धीर लागतो. मुलांना ते हरल्यासारखं वाटतं, म्हणून तिने ती खाली घेतली की मी मुद्दाम शाबासकी देते. चाप दाबल्यावरही दोन सेकंद हलायचं नाही, कारण छर्रा नळीत असताना झालेली हालचाल त्याच्यासोबत जाते.

ही विद्या हातातून हातात जाते. मुंबईचे प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे घडल्या. सुमा शिरूर यांनी पॅरालिम्पिक नेमबाज अवनी लेखराला शिकवलं. दीपाली देशपांडे 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला खेळल्या आणि पुढे स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा हा मुलगा नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक घेतलं. अंतिम फेरीत 44 गोळ्या, 451.4 गुण. आमच्या घरात त्या दुपारी भाची टीव्हीसमोर बसली होती; बाकीचे गुण मोजत होते, ती त्याचं डावं कोपर कुठे टेकतं ते बघत होती.

रेंजवर तिला माझा एक नियम आहे. छर्रा सुटला की पडद्यावर बघायच्या आधी तो कुठे लागला ते सांगायचं. सुरुवातीला ती अंदाजाने बोलायची. परवा म्हणाली, "आत्या, उजवीकडे वर, नऊ पूर्णांक काहीतरी." पडद्यावर उजवीकडे वरच, 9.7. ती खूश झाली नाही. पाय पुन्हा जमवून डोळे मिटले आणि दोन श्वास घेतले.