झिरोचा बल्ब शून्य नसतो

वीजबिल वाढले की घरातला पहिला राग निघतो तो न्हाणीघरात चुकून चालू राहिलेल्या दिव्यावर. देवघरातल्या लाल झिरोच्या बल्बकडे कोणी बोट दाखवत नाही. नावातच शून्य, मग तो वीज खाऊन खाणार किती? प्रत्यक्षात तारेचा हा जुना बल्ब १२ ते १५ वॅट वीज घेतो. जुन्या, चकतीच्या मीटरवर एवढा कमी भार जेमतेम नोंदला जाई, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र तोही मोजतात.

हिशेब सोपा आहे. वॅटला तासांनी गुणायचे आणि १,००० ने भागायचे. उत्तर येते ते युनिट. न्हाणीघरातला ६० वॅटचा बल्ब रोज अर्धा तास लागला, तर महिन्याला एक युनिटही होत नाही. देवघरातला १५ वॅटचा झिरो चोवीस तास जळला, तर महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. त्याजागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, तर अर्धे युनिटही लागत नाही.

तारेच्या बल्बमध्ये बहुतांश विजेची उष्णताच होते, प्रकाश अगदी थोडा मिळतो. एलईडीत अर्धवाहक थेट प्रकाश देतो. म्हणूनच ६० वॅटच्या बल्बचे काम ९ वॅटचा एलईडी करतो. बल्ब घेताना खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहावा. प्रकाश किती मिळणार हे तो सांगतो. वॅट फक्त विजेचा खर्च सांगतात.

यानंतर पाळी बैठकीच्या खोलीतल्या जुन्या ट्यूबची. ४० वॅटची नळी तांब्याच्या चोकसह ५० वॅटच्या आसपास वीज घेते. २० वॅटची एलईडी पट्टी लावली आणि ती रोज सहा तास लागली, तर महिन्याला पाच युनिट वाचतात.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर चढतो. वाचलेले युनिट आधी याच महाग टप्प्यातून वजा होतात. महिन्याला ११५ युनिट लागणारे घर देवघरातला एक बल्ब आणि एक ट्यूब बदलून शंभरीच्या आत येऊ शकते.

झोपायच्या खोलीत मात्र पांढराशुभ्र एलईडी नको. रात्रीच्या निळसर प्रकाशाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे मंदावते. तिथे २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर दिवा बरा.

घरातले सगळे दिवे एकाच दिवशी बदलायची गरज नाही. सर्वांत जास्त तास कोणता दिवा जळतो ते आज रात्री पाहावे आणि सुरुवात तिथून करावी. बहुधा तो सर्वांत मिणमिणता दिवाच निघेल.