गाडी पंधरा वर्षांची, स्क्रीन सहा वर्षांची

लेखमाला : गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स
लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण गाडीतल्या सेन्सरांची माहिती घेतली. हे सेन्सर आपलं काम गुपचूप करतात, मालकाला त्यांचं नावही ठाऊक नसतं. आजचा भाग मात्र सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेली टचस्क्रीन आणि तिच्या मागे दडलेली इन्फोटेनमेंट सिस्टीम. या लेखमालेत वाचकांना सर्वाधिक जवळचा वाटेल असा हाच विषय असावा, कारण नव्या गाडीचा मालक भेटला की इंजिनाबद्दल तो क्वचितच कुरकुरतो. त्याची कुरकुर असते ती स्क्रीनची. स्क्रीन हँग होते. फोन कालपर्यंत आपोआप जोडला जायचा, आज जोडलाच जात नाही. रिव्हर्स टाकला तरी कॅमेऱ्याचं चित्र येत नाही, आणि आलंच तर गाडी निम्मी मागे गेल्यावर येतं. गाणं बंद केलं तरी आवाज चालूच राहतो. सर्व्हिस सेंटरला गाडी न्यावी, तर तिथे नेमकं सगळं सुरळीत चालतं आणि जॉब कार्डावर शेरा पडतो : ‘तक्रार आढळली नाही.’

हे रडगाणं एकट्यादुकट्याचं नाही. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना दरवर्षी त्यांच्या अडचणी विचारते. 2024 च्या पाहणीत दर 100 गाड्यांमागे इन्फोटेनमेंटच्या 49.1 तक्रारी निघाल्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या विभागापेक्षा हा आकडा जवळजवळ दुप्पट होता. फोन गाडीला नीट न जोडला जाणं ही त्यातली सर्वांत मोठी तक्रार. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे भाग गेल्या काही दशकांत कमालीचे भरवशाचे झाले आणि त्याच काळात गाडीत एक असा भाग आला, ज्याचा भरवसा मालकाला वाटत नाही. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी स्क्रीनमागच्या डब्याच्या आत डोकवावं लागेल.

डब्याच्या आत काय असतं?

स्क्रीनच्या मागे एक पूर्ण संगणक असतो. त्याला हेड युनिट म्हणतात. त्यात प्रोसेसर असतो, काम चालू असताना लागणारी मेमरी असते आणि वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी फ्लॅश मेमरी असते. शिवाय रेडिओ, ब्लूटूथ, वायफाय, जीपीएस आणि पुष्कळ गाड्यांत मोबाइलचं सिमसुद्धा. एकीकडे हा संगणक फोनशी बोलतो, दुसरीकडे गाडीच्या आतल्या नेटवर्कशी. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम दरवर्षी बदलते, अ‍ॅप दर पंधरवड्याला बदलतात. गाडीतला प्रोसेसर मात्र गाडी बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच ठरलेला असतो आणि पुढे गाडी असेपर्यंत तोच राहतो. म्हणजे शोरूममधून नवी कोरी गाडी बाहेर पडते, तेव्हाच तिच्या पोटातला संगणक खिशातल्या फोनच्या मागे पडलेला असतो.

इंजिन आणि ब्रेक सांभाळणारे संगणक वेगळे असतात. म्हणून स्क्रीन बंद पडली तरी गाडी चालते. ही व्यवस्था योग्यच आहे. पण ‘गाडी चालते आहे ना’ या एका वाक्यावर मालकाची तक्रार किरकोळ ठरवली जाते. एसीचं तापमान, काचेवरचं धुकं घालवायची सोय, मागचा कॅमेरा, धोक्याचे आवाज हे सगळं ज्या गाडीत एकाच स्क्रीनवर आणून ठेवलंय, तिथे ती स्क्रीन काळी पडणं किरकोळ कसं म्हणायचं? भर पावसात पुढची काच धुरकट झाली आणि ती साफ करायचं बटण स्क्रीनच्या आत असेल, तर प्रश्न सरळ सुरक्षिततेचा होतो.

एका चिपचं मरण

याचं सर्वांत बोलकं उदाहरण टेस्लाचं आहे. 2012 ते 2018 या काळात बनलेल्या मॉडेल एस आणि 2016 ते 2018 मधल्या मॉडेल एक्स गाड्यांच्या हेड युनिटमध्ये 8 जीबी क्षमतेची फ्लॅश मेमरी होती. फ्लॅश मेमरीत लिहिलेलं बदलायचं तर आधीचा अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा कप्पा, पुसावा लागतो आणि मग नवं लिहावं लागतं. दर वेळी विजेच्या कणांना एका अतिशय पातळ थरातून ये-जा करायला लावतात आणि तो थर थोडा थोडा खराब होत जातो. वहीतल्या एकाच ओळीवर पेन्सिलीने लिहून खोडत राहिलं की शेवटी कागद फाटतो, तसंच हे. या चिपचा प्रत्येक ब्लॉक सुमारे 3,000 वेळा पुसून लिहिण्यासाठी होता. गाडीचं सॉफ्टवेअर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद त्याच चिपवर करत राहायचं. कंपनीच्याच सांगण्यानुसार नेहमीच्या वापरात प्रत्येक ब्लॉकचं रोज सरासरी 1.4 वेळा पुसणं-लिहिणं होई. 3,000 ला 1.4 ने भागा. उत्तर येतं 2,140 दिवसांच्या आसपास, म्हणजे सहा वर्षांपेक्षा थोडे कमी.

तेवढ्या काळानंतर काय व्हायचं? आधी स्क्रीन मंद व्हायची, मग आपोआप बंद-चालू व्हायची आणि एके दिवशी कायमची काळी पडायची. तिच्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जायचं, काचेवरचं धुकं आणि बर्फ घालवणाऱ्या यंत्रणेवरचा ताबा जायचा, सिग्नल दिल्याचा टिकटिक आवाज जायचा. अमेरिकेत मे 2018 पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचं दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा आहे, कारण मागे येणाऱ्या गाड्यांखाली लहान मुलं सापडत होती. त्यामुळे तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने चौकशी केली, जानेवारी 2021 मध्ये कंपनीला पत्र पाठवलं आणि फेब्रुवारीत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. 8 जीबीच्या जागी 64 जीबीची मेमरी बसवून दिली गेली. ज्यांनी आधीच पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली होती, त्यांना ते परत मिळण्याची सोय झाली.

गाड्या परत बोलावताना कंपनीने सरकारला जे उत्तर दिलं, ते प्रत्येक मोटारमालकाने लक्षात ठेवावं असं आहे. त्याचा आशय असा : अशा सुट्या भागाने गाडीच्या संपूर्ण आयुष्याइतकं टिकावं अशी अपेक्षा करणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नसलं, तरी आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही.

माझा सगळा विरोध या विचाराला आहे. क्लच प्लेट झिजते, ब्रेक पॅड झिजतात, टायर झिजतात. पण हे झिजणार आहेत हे मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असतात, बाजारात भाग मिळतो, कोपऱ्यावरचा मेकॅनिकही तो बदलून देतो. मेमरी चिप झिजणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. शिवाय ती सोल्डरिंग करून बोर्डाला पक्की जोडलेली असते, त्यामुळे बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलावं लागतं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते. त्या हिशेबाने अशी स्क्रीन गाडीच्या आयुष्यात दोनदा मरेल.

रेडिओ स्टेशनने पाठवलेलं चित्र

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटल शहराचं. जानेवारी 2022 च्या शेवटी तिथल्या अनेक माझदा गाड्यांच्या स्क्रीनला एकाच वेळी एकच विकार जडला. सगळ्यांचा रेडिओ 94.9 एफएमवर, म्हणजे केयूओडब्ल्यू या सार्वजनिक स्टेशनवर अडकला. स्टेशन बदलेना. स्क्रीन बंद व्हायची, चालू व्हायची, पुन्हा बंद व्हायची. ब्लूटूथ, नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं ठप्प. गाड्या 2014 ते 2017 या वर्षांतल्या आणि जुनं सॉफ्टवेअर असलेल्या.

कारण निघालं ते असं. डिजिटल रेडिओवर आवाजाबरोबर गाण्याच्या अल्बमचं चित्रही पाठवता येतं. स्टेशनकडून आलेल्या काही चित्रांच्या फाइलींच्या नावाला शेपूट नव्हतं, म्हणजे ती कोणत्या प्रकारची फाइल आहे हे सांगणारी शेवटची अक्षरं नव्हती. अशी फाइल आली तर काय करायचं, हे गाडीच्या सॉफ्टवेअरला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते कोलमडलं. पुन्हा उठलं, तेच स्टेशन, पुन्हा कोलमडलं. मालकांना सुरुवातीला सांगण्यात आलं की युनिट बदलावं लागेल आणि सुमारे 1,500 डॉलर लागतील. त्यात सुट्या भागांची टंचाई, म्हणून थांबणं आलंच. पुढे कंपनीने खर्च स्वतःकडे घेतला.

या मालकांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी फक्त बातम्या लावल्या होत्या. बाहेरून येणारी कोणतीही माहिती, मग ती रेडिओची असो, फोनची असो की पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांची, कधीतरी सदोष येणारच हे गृहीत धरून सॉफ्टवेअर लिहायचं असतं. चुकीची फाइल आली तर ती टाकून देऊन पुढे जायचं, ही त्या धंद्यातली पहिली शिकवण आहे. आणि गाण्याच्या चित्रातल्या दोषाने मागचा कॅमेरा बंद पडतो, तेव्हा दोष रचनेतच असतो. करमणूक आणि सुरक्षा एकाच दावणीला बांधल्याची ती किंमत आहे.

दुरुस्ती का होत नाही?

सर्व्हिस सेंटरच्या माणसावर राग काढणं सोपं आहे, पण त्याच्या हातातही फार थोडं असतं. युनिट बनवतो एक पुरवठादार, त्यातली चिप दुसऱ्याची, ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्याची, फोन जोडणारी प्रणाली अ‍ॅपल किंवा गूगलची आणि गाडीवर नाव पाचव्याचं. हँग होण्याचा दोष कधी येतो, कधी येत नाही. तो आला त्या क्षणी आत काय चाललं होतं याची नोंद उघडून पाहायची साधनं बहुतेक वर्कशॉपमध्ये नसतात. मग उरतं काय? ‘सर, अपडेट मारून देतो.’ नाहीतर बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावणं. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण मनावर घेतलं तर हे सुधारतं. फोर्डने 2010 मध्ये मायफोर्ड टच नावाची प्रणाली आणली. ती इतकी अडखळायची, की जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्ता पाहणीत कंपनी 2010 मधल्या पाचव्या क्रमांकावरून 2011 मध्ये तेविसाव्या क्रमांकावर घसरली. मालक कोर्टात गेले. अखेर कंपनीने सॉफ्टवेअरचा पायाच बदलला आणि 2015 मध्ये सिंक 3 ही नवी प्रणाली आणली. घसरलेला क्रमांक आणि कोर्टाची पायरी, या दोन गोष्टींनी ते घडवलं.

मालकाने काय करावं?

गाडी ताब्यात घेताना शोरूममध्येच आपला फोन जोडून पाहा. गाडी चालू केल्या केल्या रिव्हर्स टाका आणि चित्र किती वेळात येतं ते बघा. इन्फोटेनमेंट युनिटची वॉरंटी गाडीइतकीच आहे की वेगळी, हे लेखी विचारा.

दोष दिसला की शेजारी बसलेल्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चालकाने चालत्या गाडीत स्क्रीनशी झटापट करू नये. व्हिडिओत तारीख आणि ओडोमीटरचा आकडा यावा. जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं सॉफ्टवेअर व्हर्जन नोंदवून घ्या आणि प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपून ठेवा. ‘तक्रार आढळली नाही’ अशी तीन कार्डं आणि तीन व्हिडिओ एकत्र ठेवले, तर तो भक्कम पुरावा होतो.

एवढं करूनही दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोषाचा संबंध सुरक्षिततेशी असेल, तर आणखी एक वाट आहे. सदोष गाड्या परत बोलावण्याचे आपल्याकडचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू होतात आणि त्यात सॉफ्टवेअरमधला दोषही धरलेला आहे. पण हे चाक फिरतं ते तक्रारींच्या संख्येवर. प्रत्येक मालक आपापल्या पार्किंगमध्ये चरफडत बसला, तर सरकारदरबारी ती संख्या शून्यच राहते.

कंपन्यांकडे मागण्या तीनच कराव्यात. या युनिटचं अपेक्षित आयुष्य विक्रीच्या वेळी छापून द्या. गाडीची नोंदणी असेपर्यंत त्याचे भाग आणि सॉफ्टवेअर मिळेल याची हमी द्या. मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याची सोय करमणुकीच्या संगणकापासून वेगळी ठेवा. आणि मालकहो, स्क्रीन बंद पडल्याची पुढची तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या.

(पुढील लेखांक : गाडीची चावी फोनमध्ये गेली, तेव्हा कुलूप कोणाच्या हातात राहिलं?)