‘पेठ’ म्हणजेच ‘सेक्टर’, हे यंत्राला कोण सांगणार?

निगडी प्राधिकरणातला पत्ता दोन रीतींनी लिहिला जातो. कोणी ‘पेठ क्रमांक २६’ असे लिहितो, तर कोणी ‘सेक्टर २६’. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. त्याच्या कागदोपत्री ‘पेठ’ रुजली, लोकांच्या तोंडी मात्र ‘सेक्टर’ बसला. पोस्टमन, शाळेतला कारकून किंवा सिलिंडर पोचविणारा यांपैकी कोणाचाही त्यामुळे घोटाळा होत नाही. दोन्ही एकच, हे ज्ञान कोठे लिहून ठेवण्याची कधी गरजच पडली नाही.

आता अशी कल्पना करावी, की तेथील एखाद्या शाळेत विद्यार्थ्यांच्या पत्त्यांवरून विभागवार याद्या करणारे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. ते फक्त ‘सेक्टर’ हा शब्द ओळखते. ‘पेठ’ दिसली की ते नाव मुकाट्याने गाळते. कारकुनाला हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे तो आधी सर्व पेठांचे सेक्टर करतो आणि मगच यादी काढतो. उद्या हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’कडे सोपविले आणि त्याला एवढेच सांगितले, की ‘हे साधन पत्त्यांची विभागवार यादी करते’, तर यादी तत्काळ तयार होईल, ती नीटनेटकी दिसेल आणि तिच्यात कित्येक मुलांची नावे नसतील. चूक झाली आहे, असे मात्र कोठेही लिहून येणार नाही.

एजंट म्हटले, की आपल्याकडे विम्याचा किंवा वाहन परवान्याचा एजंट डोळ्यांसमोर येतो. हा नवा एजंट म्हणजे सांगितलेले काम पायरीपायरीने स्वतः पार पाडणारा आणि त्यासाठी इतर साधने चालविणारा संगणकीय कार्यक्रम होय. साधने त्याच्या हाती कशी द्यावीत याविषयी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवावी याचा तपशील द्यावयाचा असतो. कोणते साधन केव्हा उचलावे, हे एजंट मुख्यतः या शब्दांवरून ठरवितो. नवा माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट पुष्कळदा न विचारता तर्काने पुढे जातो. म्हणूनच पूर्वी जे माहितीपत्रक कपाटात पडून राहिले तरी चालत असे, ते आता कामाचाच भाग झाले आहे.

साधन जितके साधे, तितके टिपण लहान पुरेल, हा समज मात्र फसवा आहे. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन कचेऱ्यांतील अनेकांनी वापरले असेल. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. हे साधन त्या प्रत्येक रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसविते. साहजिकच मजकुरात खरोखरीचा इंग्रजी शब्द किंवा ई-मेलचा पत्ता असला, तर त्याचेही अगम्य मराठी होऊन बसते. ‘फाँट बदलते’ या दोन शब्दांत यातले काहीच येत नाही. इंग्रजी मिसळलेला मजकूर देऊ नये, एकदा बदललेला मजकूर पुन्हा देऊ नये आणि मूळ प्रत पुसू नये, ही तीन वाक्ये त्या टिपणात हवीत. साधन काय करते याहून ते कोठे वापरू नये, हेच लिहिणे अधिक निकडीचे असते. १९७१ साली युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली, तेव्हा साधनांच्या वर्णनाखाली त्यांतले ज्ञात दोष सांगणारा एक रकाना होता. आणखी एका रकान्यात त्या साधनाच्या धन्याचे नाव असे.

हा दुसरा रकाना पुढे मागे पडला, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच आहे. टेलरने १९११ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते, की कामगारांजवळचे परंपरागत ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे आणि त्याचे नियम बनवावेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्राशेजारी लावलेला प्रक्रियेचा तक्ता ही त्याच विचाराची संतती होय. आता ती पाळी कारकुनाची आहे. एजंटसाठी टिपण लिहिणारा कर्मचारी स्वतःची वीस वर्षांची जाणकारी पानभर मजकुरात मालकाच्या हवाली करतो, आणि त्यामुळे आपली गरजच संपेल, अशी भीती त्याला वाटली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. ज्ञान लपवून ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. लपविलेले ज्ञान निवृत्तीच्या दिवशी कचेरीबाहेर जाते आणि त्याचा लाभ कोणालाच होत नाही. परंतु हे लेखन कामाच्या वेळात व्हावे, सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी आणि टिपणाखाली लिहिणाऱ्याचे नाव नि तारीख असावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीने हे टिपण लिहावे, हा सोयीचा मार्ग बहुतेक संस्था पत्करतील. तथापि कंपनीला साधन माहीत असते, पेठ माहीत नसते. पुण्यात ‘पेठ’ म्हणजे सदाशिव आणि नारायण; बाहेरचा जाणकार येथेच ठेच खाईल.

शिवाय टिपण एकदा लिहिले म्हणजे काम संपले, असेही नाही. २०२१ मध्ये प्राधिकरणाचे विलीनीकरण झाले आणि त्याचा कारभार पिंपरी-चिंचवड महानगरपालिका व पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागला गेला. लोकांच्या पत्त्यात ‘प्राधिकरण’ हा शब्द वस्तीचे नाव म्हणून अजून कायम आहे. मात्र त्या नावाच्या कार्यालयाकडे पत्र धाडणाऱ्या एजंटाला हे दोन अर्थ वेगळे करून सांगावे लागतील. कोणता अर्ज कोणत्या दारी न्यावा, हे त्या टेबलावर रोज बसणाऱ्यालाच आधी कळते, आणि जुने टिपण खोडून नवे लिहिण्याचा अधिकार तूर्त बहुतेक ठिकाणी त्याला नाही.