प्राणी मेला, तर त्याचं काम कोण करतं? : पत्त्यांच्या खेळातले वेळेचे नियम

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानात आपण कारण आणि कार्य यांच्यात वेळेचं अंतर पडू शकतं का, या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज त्याचं एक उदाहरण घेऊ. ते पोरांच्या खेळातलं आहे आणि त्यात आम्ही चुकलो आहोत.

गेल्या पावसाळ्यात भोरला आमच्या ओसरीवर चार-पाच मुलं पत्ते खेळायला जमत. हे आपले बदाम सात किंवा मेंढीकोटाचे पत्ते नाहीत. 'मॅजिक : द गॅदरिंग' असं त्या खेळाचं नाव. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. यात पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करायची आणि आपला गठ्ठा आपणच जमवायचा. वेल्ह्याकडचा एक मुलगा (तालुक्याला आता राजगड म्हणतात, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे) शिकायला भोरला राहतो. त्याने सुट्टीत काम करून पत्ते घेतले होते, आणि ते वहीच्या कागदात गुंडाळून आणायचा.

या खेळात माणूस, पक्षी, राक्षस, जो कोणी मांडला जातो त्याला 'क्रीचर' म्हणतात. आपण प्राणी म्हणू. या मुलापाशी 'प्रॉडिगल सॉर्सरर' नावाचा जादूगार होता. त्याची करामत एवढीच : पत्ता आडवा करायचा आणि कोणालाही एक घाव घालायचा. खेळाडूला सुरुवातीला वीस गुण असतात. त्या दिवशी समोरच्या मुलाचा एकच गुण उरला होता. आमच्या मुलाने जादूगार आडवा केला आणि म्हणाला, "एक घाव." समोरच्याने लगेच 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. ही वीज तीन घाव घालते, जादूगार एकाच घावात मरतो. समोरचा म्हणाला, "जादूगार मेला, आता घाव कोण घालणार?"

दोघंही आमच्याकडे वळले. आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेलं! सांगून टाकलं की कर्ता नाही तिथे क्रिया नाही, सबब घाव रद्द. पुढच्या दोन फेऱ्यांत तो मुलगा हरला. काही बोलला नाही, पत्ते गुंडाळले आणि गेला. नंतर तीन आठवडे आला नाही.

मग आम्ही नियम वाचायला बसलो. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण आपल्या कामाच्या गोष्टी दोनच.

पहिली गोष्ट, प्राणी मांडल्याबरोबर त्याला आडवा करून करामत वापरता येत नाही, हल्लाही करता येत नाही. खेळाडू याला 'समनिंग सिकनेस' म्हणतात. मुलं सांगतात, "एक फेरी थांबायचं," पण नियम त्याहून नेमका आहे. तुमची पाळी सुरू झाली त्या क्षणापासून प्राणी सलग तुमच्याच ताब्यात असला पाहिजे. म्हणून एखादा प्राणी समोरच्याच्या पाळीत मांडता आला, तर आपली पाळी लागताच तो तयार असतो. उलट समोरच्याने आपला मुरलेला प्राणी पळवला, तर त्याच्याकडे तो पुन्हा नवखाच. ज्या करामतीच्या किमतीत आडवं करण्याची खूण नाही, ती मात्र आल्या आल्या चालते.

म्हणजे पत्त्यावर शक्ती छापलेली आहे, पण ती वापरता येत नाही. आपल्याकडे हा वाद जुना आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, असं उदाहरण शास्त्रकार घेत. मीमांसक म्हणत, मण्याने अग्नीची शक्तीच गेली. नैयायिक म्हणत, अग्नी होता तसाच आहे. प्रतिबंधक नसणं हीसुद्धा कारणसामग्रीतली एक बाब आहे आणि तेवढीच इथे कमी पडली. प्रतिबंधक असूनही जाळायला लावणारा दुसरा मणी असला, तर त्याला ते 'उत्तेजक' म्हणत. या खेळात 'हेस्ट' असा शब्द छापलेला प्राणी आल्या आल्या धावतो. तो आमच्या मते सरळ उत्तेजकच.

पत्त्याचं बळ वेळेवर ठरणं हे आपल्यालाही नवं नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात मत्स्य, कूर्म असे दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण १२० पत्ते. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. पत्ता तोच राहतो, दिवा लागला की मान बदलतो.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीची. पत्ता आडवा करणं ही करामतीची किंमत आहे. किंमत मोजताना मध्ये कोणी हात घालू शकत नाही. ती मोजली की करामत प्राण्यापासून सुटते आणि रांगेला लागते. या रांगेला 'स्टॅक' म्हणतात. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती या रूपात आली. आपल्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. शेवटी ठेवलेलं मडकं आधी उतरतं. घाव आधी ठेवला, त्यावर वीज. दोघांनीही "आता काही नाही" म्हटलं की वरची वीज उतरते, जादूगार मरतो. मग खालचा घाव उतरतो आणि समोरचा हरतो.

मुंबईला कामाला गेलेल्या माणसाने मनीऑर्डर केली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला, तरी पैसे गावी पोचतातच. ज्याच्या नावाने केली तोच नसेल तर मात्र परत फिरते. खेळातही तसंच : ज्याच्यावर नेम धरला तोच नाहीसा झाला, तर करामत फुकट जाते. यज्ञ संपतो आणि फळ पुढे कधीतरी मिळतं, तर मधल्या काळात काय असतं, या प्रश्नाला मीमांसकांनी 'अपूर्व' असं उत्तर दिलं. आम्ही ते वर्गात कितीदा शिकवलं, आणि ओसरीवर विसरलो.

समोरच्याला वाचायचंच होतं, तर वीज आदल्या पाळीत टाकायची होती, जादूगार नवखा होता तेव्हा. तेव्हा तो मेला असता तर घाव निघालाच नसता.

आम्ही त्या मुलाला निरोप धाडला. तो आला तेव्हा सांगितलं, "तुझं बरोबर होतं, आमचं चुकलं." तो म्हणाला, "मला माहीत होतं, सर. पण तुम्ही बोलल्यावर कसं बोलणार?" हार-जितीची वही आमच्याकडेच असते. तो डाव खोडून त्याच्या नावावर लिहिला. समोरच्या मुलाने थोडी कुरकुर केली, पण सही केली.

लिहिणं चाललं होतं तेवढ्यात तो विचारता झाला, "वीज वर पडलेली असताना, मरायच्या आधी, जादूगार आणखी एकदा वापरता येईल का?" या वेळी आम्ही पुस्तक उघडून मगच उत्तर दिलं. येत नाही. तो आधीच आडवा आहे. मध्येच त्याला कोणी उभा केला, तर येईल.