किडनी बोलत नाही

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूपर्यंत पोचला की बहुधा सगळे मूत्राशयच काढावे लागते. (बिडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वात मोठे कारण आहे, हे आपल्यापैकी किती बंधूंना ठाऊक आहे?) मग लघवी साठवायची कुठे? रुग्णाच्याच लहान आतड्याचा ५०-६० सें.मी. तुकडा उभा चिरून त्याची नवी पिशवी शिवतात आणि दोन्ही किडन्यांकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या तिला जोडतात. स्वित्झर्लंडच्या डॉ. उर्स स्टुडर यांची पद्धत यात प्रसिद्ध आहे.

रुग्ण घरी येतो. भेटायला आलेले म्हणतात, "सुटलात!" चूक इथेच होते. जोडाच्या जागी मूत्रवाहिनी आकसू शकते, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. डावी अधिक. तिला मोठ्या आतड्याच्या मागून उजवीकडे आणावे लागते, त्यासाठी जास्त मोकळी करावी लागते आणि टोकाचा रक्तपुरवठा कमी पडतो. रक्त न मिळालेली जागा कडक होते, लघवी मागे तुंबते, किडनी फुगते. पुष्कळदा दुखत मात्र काहीच नाही! दुसरी किडनी काम करीत असल्याने लघवीही होत राहते. म्हणून सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी ठरल्या तारखेला झालीच पाहिजे. रोजंदारी बुडते म्हणून ती टाळणारे मी पाहिले आहेत.

अडथळा सापडला तर आधी पाठीतून नळी घालून किडनी मोकळी करतात. फुग्याने जागा रुंद करता येते, पण ती पुष्कळदा पुन्हा आकसते. टिकाऊ उपाय एकच: खराब भाग कापून नवा जोड घालणे. पूर्वी त्यासाठी पोट पुन्हा उघडावे लागे. आता काही रुग्णालयांत हे काम रोबोटने होते. रोबोट स्वतः काही करत नाही. शेजारी बसलेल्या सर्जनचे हात तो लहान छिद्रांतून आत नेतो. इंडोसायनीन ग्रीन हे औषध शिरेतून दिले की खास कॅमेऱ्यात रक्त पोचणारा भाग चमकतो, न पोचणारा काळा राहतो. कुठे कापायचे ते तिथे दिसते. जुन्या शस्त्रक्रियेने आतडी चिकटलेली असतात, त्यामुळे काम तरीही अवघडच.

पण रोबोटसाठी घर गहाण टाकू नका. अनुभवी सर्जन पोट उघडूनही हा जोड उत्तम घालतो. या शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात संकोच कसला? आणि थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.